"ही उचलच की, मॅडम!"

गेल्या काही वर्षांत सोलापुरातील चित्रकारांकडून एकच तक्रार समुपदेशक म्हणून माझ्या कानावर वारंवार आली आहे : राहण्या-जेवणासह स्टुडिओ आणि मानधन देणाऱ्या रेसिडेन्सीची जाहिरात दिसते, अर्ज उघडला जातो आणि शेवटची तारीख निघून जाते. बहुतेक जण कारण इंग्रजीचे सांगतात. ते कारण मी आता पहिल्या भेटीत खरे मानत नाही.

पूर्व भागात राहणारा, तिशीतला एक चित्रकार (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) अशी तिसरी संधी हुकल्यावर माझ्याकडे आला. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, तो स्वतः चित्रकलेच्या शिकवण्या घेणारा. चादरीची नक्षी आलेखकागदावरून जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणवून घेणाऱ्या यंत्रणेच्या, पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकांच्या रूपाने उतरवतात. कारखान्यांनी टाकून दिलेले असे पत्ते गोळा करून तो त्यांचे ठसे घेत असे.

आरंभी मीही चुकले. न्यूनगंड असेल असे धरून मी पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांचे उदाहरण दिले. तो नम्रपणे हसला. अशा उदाहरणांनी धीर येतो तो बहुधा सांगणाऱ्यालाच.

चौथ्या भेटीत मी विचारले, "अर्जात हात नेमका कुठे थांबतो?"

"तीन महिन्यांत काय कराल, या रकान्यापाशी. पैसे आधी मिळणार. ही उचलच की, मॅडम! घेतली आणि तेवढे काम निघाले नाही, तर फेडायची कशी?"

ज्या घरात नगावर मजुरी मिळते आणि विड्यांचा दर हजारावर ठरतो, तेथे कामाआधी हाती आलेला पैसा म्हणजे कर्जच. मी नकाराची भीती शोधत होते. तो निवड होण्याला घाबरत होता. भावनेशी झगडण्याआधी तिच्या मागचे, माणूस मनात स्वतःला सांगत असलेले वाक्य शोधावे, असे मी वर्षानुवर्षे मानत आले आहे, आणि ते वाक्य त्याच्याच तोंडून निघाले याचे समाधान मी लपवणार नाही.

"उचल कशावर फिटते?"

"मालावर."

"मग जाहिरातीत माल कुठे मागितला आहे?"

त्याने मोबाइलवर ती बराच वेळ वाचली. तीन महिन्यांच्या अखेरीस एक दिवस स्टुडिओ लोकांना खुला ठेवणे आणि छोटा अहवाल, एवढीच अट होती.

"काम निघालेच पाहिजे, असे कोण म्हणते?"

"मीच," तो म्हणाला.

म्हणून अर्जदारांना माझे सांगणे असे, की प्रवास, साहित्य, निवास आणि मानधन यांची तरतूद वेगवेगळी वाचावी, मानधनाचे हप्ते कधी मिळतात आणि एखादी कलाकृती संस्थेकडे ठेवावी लागते का, हे शंका असल्यास पत्राने विचारावे. कामाच्या रकान्यात इतकी चित्रे करीन असा वायदा लिहू नये. जो प्रश्न हाताने सोडवून पाहायचा आहे तो लिहावा. छायाचित्रांखाली शीर्षक, वर्ष, माध्यम व आकार द्यावा. आपल्याकडचे शब्द गाळू नयेत, मात्र निवड समितीतल्या कोणी माग पाहिलाच नसेल असे समजून पत्ता म्हणजे काय ते एका वाक्यात सांगावे. बुडणाऱ्या शिकवण्यांचा हिशेबही आधी घरात मांडावा. तो टाळला की अर्ज पुन्हा अडतो.

त्याचा अर्ज या वेळी तारखेच्या दोन दिवस आधी गेला. निकाल यायचा आहे. पुढच्या भेटीत, तीन महिने घरभाडे कोण भरणार हा विषय वडिलांपाशी कसा काढायचा, ते आम्ही ठरवणार आहोत.