दुरुस्तीला कोण येणार, ते आधी सांग

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले लाकडी घरांचे व्हिडिओ बघितले. चार माणसं येतात, उभ्या पट्ट्या रांगेत लावतात, मशिननं खिळे मारतात, आणि बघता बघता सांगाडा उभा. छान आहे की. नवं घर तू ‘लाकडाचंच’ म्हणून हटून बसलीस, तुझे बाबा ‘काँक्रीटच्या ब्लॉकचंच’ म्हणून, आणि पावसाळा आला तोंडावर. तुमच्या भांडणात पंच व्हायला मी येणार नाही. मला एकच विचारायचंय, आणि पत्रभर तेच विचारणार आहे: बिघडलं की दुरुस्त कोण करणार?

तिकडची, अमेरिका-कॅनडातली, बांधणी नीट समजून घे. ‘दोन बाय चार’ इंची म्हणतात त्या पाइनच्या पट्ट्या सोळा-सोळा इंचांवर उभ्या, बाहेरून प्लायवूडसारखे तक्ते, पोकळीत थंडी अडवणारं अस्तर, आतून जिप्समचे बोर्ड. तिथं भट्टीत सुकवलेलं, ठरलेल्या मापाचं लाकूड दुकानात मिळतं आणि ते जोडणारा माणूसही मिळतो. घर वजनाला हलकं, म्हणून भूकंपात मार कमी खातं, हे तुझं म्हणणं मला मान्य. पण त्याच अमेरिकेतल्या फ्लोरिडात कितीतरी घरं ब्लॉकचीच बांधतात. का? वादळं, दमट हवा आणि वाळवी. आता तूच सांग, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या अंगाला घेतलेली तुझी जागा, वरून कणकुंबीकडचा घाटमाथ्याचा पाऊस. तुझं हवामान कॅनडाचं की फ्लोरिडाचं? श्रावणात बोर्डामागं ओल धरली तर तुला कळणार कधी? आणि कळल्यावर बोलावणार कुणाला?

‘आपल्याकडंही लाकडाचीच घरं होती ना काका,’ असं लिहिलंयस. होती की. माझे वडील सुतारच होते, मला काय सांगतेस! पण ते काम निराळं. खांब मातीत पुरायचा नाही, दगडी तळखड्यावर उभा करायचा. ओल वर चढत नाही, आणि वाळवीनं मातीची नळी काढलीच तर दगडावर ती डोळ्यांना दिसते. खांबावर तुळई खाचा पाडून बसवायची, जोडाला लाकडी खुंटी. भार सगळा खांबांवर, मातीची भिंत नुसता आडोसा. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती कोसळून माणसं गेली, आणि कितीतरी घरांचे लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, मात्र भिंती पडूनही उभे होते. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात आपल्या जिल्ह्यात मातीच्या भिंती किती बसल्या, ते तूही पाहिलंस. लाकडाला नावं ठेवणारा मी नव्हे.

पण त्या घराचा प्रत्येक जोड उघडा होता. वासा कुजला तर हाक मारली की माणूस यायचा, दुपारपर्यंत नवा वासा चढायचा. आज कोण येणार? तशी पोरं गोव्याला कामाला गेली, दारं-खिडक्या बेळगावातून तयार येतात. स्वतःच्या मळ्यातला साग तोडायचा तरी कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणं वनखात्याची परवानगी, वाहतुकीला पास वेगळा.

मला अजून गावात ऐकवतात, सुताराच्या पोरानं ब्लॉकचं घर बांधलं. ऐकवू देत. वडिलांचा रंधा माझ्या माळ्यावर पडून आहे, मला तो चालवता येत नाही. त्यांनीच मला शाळेत घातलं, त्याला मी काय करू? ज्या घराची डागडुजी मला जमत नाही आणि जमणारं माणूस हाकेच्या अंतरावर नाही, ते घर केवळ वडिलांच्या नावासाठी बांधायचं? नाही बांधलं. आजही नाही बांधणार. रंधा काढून पुसतो अधूनमधून, तेवढंच.

गवंडी मात्र आपल्याकडं गावोगाव आहे. म्हणून ब्लॉक. ब्लॉक फार थोर वस्तू आहे म्हणून नव्हे, हे तुझ्या बाबांनाही वाचून दाखव. कारण ब्लॉक घातले की काळजी मिटली असं त्यांना वाटतंय, आणि तिथंच माझं डोकं फिरतं.

ब्लॉक ओतल्यावर किमान १४ दिवस ओला राहिला पाहिजे, आणि त्यानंतर चार आठवडे सुकला पाहिजे. सुकताना तो आकसतो. हे आकसणं ब्लॉक बनवतात त्या यार्डात व्हायचं ते तुझ्या भिंतीत झालं, तर गिलाव्यावर चिरा पडणारच. आणि आपल्या गवंड्यांना विटेची सवय! वीट भिजवूनच लावायची असते, म्हणून ते ब्लॉकवरही पाइप सोडतात. सोडू देऊ नकोस. ब्लॉक कोरडाच लावायचा, फार तर वरून पाण्याचा हात. सिमेंट-वाळूचा माल एकास सहा पुरे. सिमेंट जास्त घातलं की भिंत घट्ट, ही समजूत आहे. कॉलम आणि ब्लॉक जिथं भेटतात तिथं तारेची जाळी मारल्याशिवाय गिलावा नको. खिडक्यांच्या वर घरभर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. तिथं खर्च वाचवायचा नाही, भूकंपाचं कोयना काही फार लांब नाही.

स्लॅबचं म्हणशील तर तुझे बाबा माझं ऐकणार नाहीत. माझ्या ब्लॉकच्या भिंतींवर कौलं आहेत, म्हणून मी कंजूष ठरलोय. माकडं कौलं फोडतात, खरं आहे. फुटलं की मी शिडी लावतो, नवं सरकवतो, झालं. धाकट्यानं स्लॅब घातला, तो ठिबकायला लागला, आता स्लॅबवर पत्रे घातलेत. मग कौलांनी काय घोडं मारलं होतं? तुला लाकडाची एवढी हौस आहे ना, ती छपरात भागव. आढं, वासे, रिपा उघड्या ठेव, खालून दिसू देत. एखादा बदलायचा झाला तर तेवढं अजून कुणीही करेल.

ब्लॉक कधी ओतलेत ती तारीख यार्डवाल्याकडून बिलावर लिहून घे. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून बघ, खणखणीत वाजले पाहिजेत. आणि नकाशा मला पाठव. झड पश्चिमेकडून येते. त्या बाजूला छपराचं पाखं भिंतीच्या किती बाहेर काढलंय ते त्यात दिसलं पाहिजे. बाबांना म्हणावं, मी रविवारी येतो, तोवर ऑर्डर देऊ नका.

तुझा काका