व्हॅलीन घातलं आणि बॅक्टेरिया वाढायचेच थांबले!

प्रश्न: मी मायक्रोबायोलॉजी शिकतेय. ई. कोलाय के-१२ (लॅबमध्ये नेहमी वापरला जाणारा एक बॅक्टेरिया) नुसत्या ग्लुकोज आणि क्षारांच्या मीडियमवर छान वाढत होता, म्हणून मी त्यात थोडं व्हॅलीन घातलं, म्हटलं आयतं अमिनो ॲसिड मिळालं की अजून जोमात वाढेल. तर वाढ ठप्प! न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये (म्हणजे सगळी पोषकद्रव्यं तयार असलेल्या द्रवात) मात्र व्हॅलीन घातलं तरी मजेत वाढतो. माझं काय चुकलं?

उत्तर: काही चुकलं नाही, उलट मला फार आवडणारा एक जुना प्रयोग तुम्ही नकळत करून बसलात. व्हॅलीन काही विष नाहीये, गडबड हिशोबाची आहे. पेशी व्हॅलीन, ल्युसीन आणि आयसोल्युसीन ही तिन्ही बनवताना एकच एन्झाइम वापरते, नाव लांबलचक आहे, ॲसिटोहायड्रॉक्सी ॲसिड सिंथेस. त्याने दोन पायरुवेट (ग्लुकोज मोडून मिळणारे छोटे रेणू) जोडले की माल व्हॅलीन-ल्युसीनकडे जातो आणि पायरुवेटला कीटोब्युटिरेट हा दुसरा छोटा रेणू जोडला की आयसोल्युसीनकडे. व्हॅलीन भरपूर साठलं की ते स्वतःच या एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि काम थांबवतं. एरवी ही सोय झकास, कच्चा माल वाया जात नाही. पण तुम्ही बाहेरून व्हॅलीन ओतलंत, आता आयसोल्युसीनचा डबा रिकामा आहे हे त्या एन्झाइमला कुठून कळणार, ते आपलं बंद पडतं, आणि आयसोल्युसीन तर जवळपास प्रत्येक प्रोटीनला लागतं. मग अमिनो ॲसिड वाहून आणणारे टीआरएनए रिकामेच रायबोसोमवर, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रावर, येऊन बसायला लागतात, रेलए नावाचं प्रोटीन ते ओळखून पीपीजीपीपी हा धोक्याचा सिग्नल बनवतं आणि पेशी नवे रायबोसोम बनवणंच आवरतं घेते. थोडक्यात, समोर ग्लुकोज भरपूर असूनही उपासमार! ब्रॉथमध्ये आयसोल्युसीन तयारच असतं, म्हणून तिथे काही अडत नाही.

आता सगळेच ई. कोलाय असे अडून बसत नाहीत हं. या एन्झाइमचे तीन प्रकार असतात, त्यातला दुसरा व्हॅलीनला अजिबात जुमानत नाही. पण के-१२, जो १९२२ साली स्टॅनफर्डमध्ये एका पेशंटच्या विष्ठेतून मिळाला होता, त्याच्यात नेमका या दुसऱ्याचाच जीन फ्रेमशिफ्टमुळे (म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्याची चौकट सरकल्यामुळे) बिघडलेला आहे. व्हॅलीनच्या प्लेटवर जरा जास्त पेशी पसरून दोन-तीन दिवस थांबा, तुरळक कॉलनी उगवतील, त्यातल्या काहींमध्ये तो जीन परत वाचता येईल असा दुरुस्त झालेला असतो. आणि एका प्लेटवर व्हॅलीनसोबत आयसोल्युसीनही घाला, वाढ लगेच परत येते की नाही बघा.

प्रश्न: मग बाकीची अमिनो ॲसिड पण अशीच छळतात का?

उत्तर: छळतात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सेरीनचंच घ्या. ते मोडणारे डिअमिनेज एन्झाइम काढून टाकलेल्या ई. कोलायला सेरीन दिलं तर पेशीभिंत बनताना ॲलॅनीनच्या जागी सेरीन घुसायला बघतं, भिंत कच्ची राहते आणि पेशी फुटतात. शिवाय सेरीन मोडताना मध्येच अमिनोॲक्रिलेट नावाचा एक उपद्रवी रेणू तयार होतो, तो पीएलपी (व्हिटॅमिन बी-६ पासून बनणारा मदतनीस रेणू) वापरणाऱ्या एन्झाइमांना कायमचा निकामी करू शकतो. पाण्यात तो आपोआप विरतो खरा, पण पेशीला तेवढाही धीर परवडत नाही, म्हणून त्याला झटपट संपवायला तिने रिडए नावाचं वेगळं प्रोटीनच ठेवलंय.