परदेशी भागीदार गेला, आता पॉलिसी सरेंडर करू का?

प्रश्न थोडक्यात: वय 39, घरात कमावते एकटेच. 2020 साली घेतलेली बोनससह एन्डोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र) : विमा रक्कम 8 लाख, मुदत 15 वर्षे, वार्षिक हप्ता 60,000. सहा हप्ते भरून झाले. परदेशी भागीदाराने हिस्सा विकला, कंपनीचे नाव बदलले. सरेंडर केल्यास, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडल्यास, 2,05,000 मिळतील. सातवा हप्ता भरावा का?

उत्तर: भागीदार गेला म्हणून पॉलिसी मोडू नका. परदेशी भागीदार आयएनजी 2013 मध्ये आयएनजी वैश्य लाइफमधून बाहेर पडली, त्यानंतर तिची एक्साइड लाइफ झाली आणि 2022 मध्ये ती एचडीएफसी लाइफमध्ये विलीन झाली. जुन्या पॉलिसींची जबाबदारी प्रत्येक वेळी पुढच्या कंपनीकडे गेली. मार्च 2025 मध्ये अलियान्झनेही बजाजसोबतच्या दोन्ही विमा कंपन्यांतला आपला 26 टक्के हिस्सा विकण्याचा करार केला. मालक कोणीही असो, विमा नियामक इर्डाचा किमान 1.5 सॉल्व्हन्सी गुणोत्तराचा (दावे देण्याच्या आर्थिक क्षमतेचा) नियम पाळावाच लागतो.

खरा प्रश्न परताव्याचा आहे. आजवरचे बोनस कंपनीच्या पत्रानुसार 1,53,600 आहेत, म्हणजे वर्षाला 25,600. हाच वेग टिकला तर मुदतीअखेर 11,84,000 मिळतील. पहिल्या हप्त्यापासून धरले तर हा परतावा साडेतीन टक्क्यांच्याही आत आहे. हा आकडा पाहून चिडून सरेंडर करणारे बरेच असतात आणि तिथेच चूक होते. भरलेले पैसे आता परत येणार नाहीत. हिशेब आजपासून मांडायचा, तोही दोन भागांत.

पहिला भाग जुन्या पैशांचा. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे न मोडता कमी विमा रकमेवर मुदतीपर्यंत तशीच ठेवली, तर विमा रक्कम 6/15 या प्रमाणात, म्हणजे 3,20,000 होईल. जमा बोनस धरून नऊ वर्षांनी 4,73,600 हाती येतील. आजचे 2,05,000 न उचलता तिथेच ठेवल्यावर ही रक्कम मिळते, म्हणजे वर्षाला सुमारे 9.7 टक्के. इतक्या कमी जोखमीत हा दर दुसरीकडे मिळणे कठीण. म्हणून सरेंडर नको.

दुसरा भाग पुढच्या नऊ हप्त्यांचा. हे 5,40,000 भरून पेड-अपपेक्षा 7,10,400 जास्त मिळतात, म्हणजे सुमारे 5.4 टक्के, आणि तेही बोनस टिकला तर. बोनसची हमी नसते. तेच पैसे तुमच्या चालू पीपीएफ खात्यात 7.1 टक्क्यांनी गेले तर साधारण 7,73,000 होतील. फरक साठ-बासष्ट हजारांचा, फार मोठा नाही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे 8 लाखांचे विमाकवच तुमच्या घराला पुरणारे नाही, हप्ता मात्र 60,000 चा आहे. माझे मत पेड-अपच्या बाजूने आहे.

मात्र क्रम चुकवू नका. आधी किमान एक कोटीचा टर्म विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा) घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. प्रस्ताव अर्जात आजार, तंबाखू आणि ही जुनी पॉलिसी, सगळे खरे लिहा. जुन्या पॉलिसीची तीन वर्षे उलटून गेली आहेत, त्यामुळे विमा कायद्याच्या कलम 45 नुसार कंपनीला तिच्यावर आता हरकत घेता येत नाही. नव्या पॉलिसीची तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातील. वैद्यकीय तपासणी होऊन टर्म पॉलिसी हातात आल्यावरच जुना हप्ता थांबवा. वार्षिक हप्ता भरायला देय तारखेनंतर 30 दिवसांची वाढीव मुदत असते, पण तपासणीत वेळ गेला आणि तोवर ही मुदत संपत आली तर सातवा हप्ता भरून टाका. पेड-अप झाल्यावर जुने कवच घटते. टर्म पॉलिसी हाती येण्याआधीच तसे झाले आणि काही बरे-वाईट घडले तर कुटुंबाच्या हाती पाच लाखही येणार नाहीत.

कंपनीकडून दोन गोष्टी लेखी मागा : पेड-अप मूल्याचा नेमका आकडा, आणि जमा बोनस त्यात कायम राहतो की नाही. काही योजनांमध्ये तो कायम राहत नाही, आणि तसे निघाले तर वरचे 9.7 टक्के उरत नाहीत. मग सरेंडरचा विचार नव्याने करावा लागेल. बँकेला दिलेला ऑटो-डेबिट आदेशही रद्द करा, नाहीतर हप्ता आपोआप कापला जाईल.