मृत्यूविषयीच्या रचनेत बालवृंद वापरणे म्हणजे श्रोत्याला हुकमी रडवणे नव्हे का?

आपण अमेरिकी संगीतकार जॉन ॲडम्स यांची ‘ऑन द ट्रान्समायग्रेशन ऑफ सोल्स’ ही रचना ऐकून हे विचारले आहे. शंका रास्त आहे, कारण मुलांचा आवाज ऐकताच श्रोता हळवा होतो हे प्रत्येक संगीतकार जाणून असतो. तरीही माझे मत असे की, चांगला संगीतकार मुलांच्या तोंडी शोक घालतच नाही.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील मृतांसाठी लिहिलेली ॲडम्स यांची रचना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने सप्टेंबर २००२ मध्ये प्रथम सादर केली. तिच्यातील बराचसा मजकूर नातेवाइकांनी भिंतींवर चिकटवलेल्या शोधपत्रकांतून घेतलेला आहे. आरंभी ध्वनिमुद्रणातून एका मुलाचा आवाज ‘मिसिंग’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो आणि त्यात रडवेपणाचा लवलेशही नसतो. रडवण्याचा आरोप करायचाच असेल, तर तो मी पुढे येणाऱ्या वाद्यवृंदाच्या प्रचंड उद्रेकावर करीन.

याहून स्पष्ट उदाहरण इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या ‘वॉर रिक्विएम’मध्ये सापडते (रिक्विएम म्हणजे मृतांसाठीची ख्रिस्ती प्रार्थना). दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडमधील कोव्हेंट्री कॅथीड्रलच्या अवशेषांशेजारी उभ्या राहिलेल्या नव्या वास्तूसाठी लिहिलेली ही रचना ३० मे १९६२ रोजी तेथेच प्रथम सादर झाली. तिच्यात टेनर (उंच) आणि बॅरिटोन (मध्यम) आवाजाचे दोन पुरुष गायक, म्हणजे दोन सैनिक, छोट्या वादकसंचाच्या साथीने विल्फ्रेड ओवेन या नोव्हेंबर १९१८ मध्ये रणांगणावर पडलेल्या कवीच्या कविता गातात, तर मुलांचा वृंद दूर कुठेतरी उभा राहून लहानशा ऑर्गनच्या साथीने फक्त लॅटिन प्रार्थना म्हणतो. ‘ऑफर्टोरियम’ या भागात देवाच्या आज्ञेवरून स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाची कथा येते. बायबलमध्ये देवदूत त्याला अडवतो आणि मुलगा वाचतो. ओवेनच्या कवितेतला म्हातारा अब्राहाम मात्र देवदूताचे ऐकत नाही, तो मुलाला मारतो आणि त्याच्यासोबत युरोपची अर्धी संतती, एकेक करून. (ब्रिटन यांनी १९५२ मध्ये हीच कथा मूळ सुखद शेवटासह संगीतबद्ध केली होती आणि तिच्यातील सुरावटी ते येथे पुन्हा वापरतात, हा त्यांचा क्रूर विनोदच म्हणायचा.) दोन्ही सैनिक ‘एकेक करून’ हे शब्द घोळवत असताना दुरून मुले शांतपणे म्हणत असतात: हे प्रभो, आम्ही तुला बळी आणि प्रार्थना अर्पण करतो. ज्यांचा बळी जात आहे त्यांच्याच वयाचे आवाज तो अर्पण करत आहेत, आणि आपण काय म्हणत आहोत याची त्यांच्या सुरांना गंधवार्ताही नाही. तेथे एखादा हुंदका घातला असता, तर सगळेच फसले असते.

आपण आधी एवढाच भाग ऐकावा; तो साधारण दहा मिनिटांचा आहे. १९६३ मध्ये खुद्द ब्रिटन यांच्या संचालनाखाली झालेले ध्वनिमुद्रण मिळाल्यास उत्तम. मात्र मजकूर समोर ठेवा, कारण मुलांचे शब्द मुद्दामच लांबून येतात आणि पहिल्या श्रवणात सहज निसटून जातात.