वाचक विचारतात : दुप्पट वेगाने ऐकलेलं जातं कुठे?

गेल्या अंकात भलत्याच प्रश्नाचं उत्तर देताना मी ओझरतं लिहून गेले, की डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे स्क्रीन बंद होती आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरवरचे पॉडकास्ट ऐकायची सवय लागली. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी मूळ उत्तरावर आली नाहीत. त्यातली चार घेते. एकवीस वर्षं टेस्टिंगमध्ये काढलेल्या बाईची ही मतं आहेत हे ध्यानात असू द्या. आम्हाला सगळ्यातच खोट दिसते.

प्रश्न : ताई, नोकरीला लागून तीन वर्षं झाली, बॅकएंडवर काम करतो. फोनमध्ये २३ टेक पॉडकास्ट सबस्क्राइब केलेत. जाता-येता, व्यायाम करताना, दुप्पट वेगाने ऐकतो. महिनाअखेरीस कुणी विचारलं तर एक गोष्ट धड सांगता येत नाही. पण सोडलं तर मागे पडेन अशी धास्ती वाटते. नेमकं काय ऐकू? (आणि कृपया अरे-तुरेच करा.)

अरे, मागे पडशील म्हणजे कुणाच्या? त्या पॉडकास्टमधली निम्मी माणसं वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या बगबद्दलच बोलत असतात.

तू रांगेत उभा आहेस, पण खिडकी चुकीची आहे. कोड हाताने शिकायचा असतो. कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हे कानाला कळत नाही, आणि पाहुण्याने कितीही जीव तोडून सांगितलं तरी इंडेक्स कसा लावायचा ते बसमध्ये उभ्याने शिकता येत नाही. कानाला कळतं ते निराळंच असतं. अमुक असं का केलं, तेव्हा कोण भांडलं, आता त्याचं काय वाटतं. डॉक्युमेंटेशनमध्ये ठरलेलं लिहिलेलं असतं, ठरण्याआधीची ओढाताण नसते.

एक उदाहरण देते. अ‍ॅडम गॉर्डन बेल यांचा 'कोरिकर्सिव्ह' नावाचा पॉडकास्ट आहे. त्यात एसक्यूलाइट हा छोटेखानी डेटाबेस लिहिणाऱ्या रिचर्ड हिप यांची मुलाखत आहे. तुझ्या फोनमध्ये एसक्यूलाइट आहेच, बहुधा अनेक अ‍ॅपांच्या पोटात. हिप तेव्हा अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजाला मार बसला तर कोणत्या व्हॉल्व बंद करून पाइपांतला प्रवाह कुठून वळवायचा, हे सांगणारं. माहिती एका डेटाबेस सर्व्हरवर होती. तो सर्व्हर पडला की 'डेटाबेसशी संपर्क होत नाही' अशी चौकट यांच्या प्रोग्रॅममध्ये झळकायची. चौकट यांची, म्हणून दोषही यांच्याच माथी. मग त्यांच्या डोक्यात आलं, एवढीशी माहिती वाचायला मधे सर्व्हर हवाच कशाला? सरळ डिस्कवरून वाचू. २००० साली एसक्यूलाइट आलं ते या वैतागातून.

हे मी डोळ्यावर पट्टी बांधून, अंधाऱ्या खोलीत ऐकलं आणि एकटीच हसले. एका जुन्या नोकरीत आमच्या रिपोर्टच्या स्क्रीनवर 'माहिती उपलब्ध नाही' असं यायचं. पडायची दुसऱ्याच टीमची सर्व्हिस, पण बग दोन महिने आमच्या नावावर लागत होते. आम्ही काय केलं? मेसेजचे शब्द बदलले.

पट्टी निघाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर एसक्यूलाइटचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडला. टेस्टिंगचा डेटा ठेवायला किती वर्षं वापरत होते, पण आत कधी डोकावले नव्हते. फाइलच्या माथ्यावर जिथे एरवी कॉपीराइटची दटावणी असते, तिथे चक्क आशीर्वाद आहे : चांगलं करा, वाईट नको, स्वतःला क्षमा मिळो आणि इतरांनाही करा, मोकळ्या हाताने वाटा, देता त्याहून जास्त घेऊ नका. कोड सार्वजनिक मालकीचा असल्याने लायसन्स लिहायचा प्रश्नच नव्हता.

आता तुझ्या २३ फीडांचं. बातम्या देणारे सगळे काढून टाक. नवं फ्रेमवर्क खरंच महत्त्वाचं असेल तर तुझा टीम लीड सोमवारी तिकिटाच्या रूपाने ते तुझ्यापर्यंत पोचवेलच. तुझ्या भाषेचा एक ठेव. पायथन लिहीत असशील तर मायकेल केनेडी यांचा 'टॉक पायथन टू मी' २०१५ पासून चालू आहे. ओपन सोर्सच्या माणसांना भेटायला 'द चेंजलॉग' ठेव, तो २००९ पासूनचा. गोष्टीवेल्हाळ असा एखादा. बस.

धास्तीवर माझ्याकडे एक औषध आहे : जुने भाग ऐक. 'फ्लॉस वीकली' आणि 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग रेडिओ' हे दोन्ही २००६ मध्ये सुरू झाले, ढीगभर जुनं तिथे पडून आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी कोण किती खात्रीने काय सांगत होतं हे कानाने ऐकलं, की आजच्या खात्रीचं वजन आपोआप कळायला लागतं.

आणि तो दुप्पट वेग. अ‍ॅपमध्ये 'शांतता गाळा' अशी सोय असते, ती आधी बंद कर. 'तुम्ही सगळं पुन्हा का लिहून काढलंत?' असं विचारल्यावर पाहुणा तीन सेकंद गप्प बसतो, तेव्हा खरं उत्तर त्या तीन सेकंदांत असतं. त्यानंतर तो बोलतो ती सारवासारव. तू नेमकं तेच गाळतोयस.

ऐकून झाल्यावर दिवसभरात त्यातली एक वस्तू उघडून बघ. रेपो (कोडचं कोठार), एखादा जुना इश्यू (कुणीतरी नोंदवलेली तक्रार), काहीही. उघडावंसं वाटलं नाही तर तो भाग तुझ्यासाठी नव्हता, खुशाल विसर.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६३. मुलगा दिवसा नोकरी करतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत 'ओपन सोर्स'चं काम करत बसतो. त्याचा एक पैसा मिळत नाही. विचारलं तर म्हणतो, 'आई, तुला नाही कळायचं.' मला इंग्रजी वाचलेलं समजतं, भरभर बोललेलं नाही. मला कळेल असं काही आहे का?

बाई (शिक्षिकांना मला दुसरं काही म्हणवत नाही), 'तुला नाही कळायचं' हे मीही माझ्या आईला म्हणाले आहे. खरं कारण एवढंच होतं, की मला सांगता येत नव्हतं.

एका बाबतीत तुम्ही इंग्रजीवाल्यांच्या पुढे आहात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि पुढे 'फ्री सॉफ्टवेअर' हा शब्द रूढ झाला. तेव्हापासून त्या लोकांचा अर्धा वेळ 'फ्री म्हणजे फुकट नव्हे' हे समजावण्यात जातोय. त्या गोंधळाला कंटाळूनच १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हा शब्द सुचवला. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं, भांडण मुळातच मिटलेलं. तुमचा मुलगा मुक्त काम करतो. म्हणजे कुणीही ते वाचावं, वापरावं, बदलावं. ते फुकट जातं का, हा निराळा प्रश्न आहे आणि तो तुम्ही त्याला जरूर विचारा.

ऐकायला 'कमांड लाइन हीरोज' घ्या. २०१८ मध्ये सुरू झालेली मालिका, निवेदिका सॅरॉन यिटबारेक. गप्पांचा फड नाही, लिहून बेतलेले सुमारे अर्ध्या तासाचे भाग आहेत, त्यामुळे उच्चार स्वच्छ आणि गोष्टीला आगापिछा असतो. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे भागांचा लेखी मजकूर मिळतो. आधी वाचा, मग ऐका. शाळेत धडा करायचा त्याच्या उलट. मालिका रेड हॅट या कंपनीची आहे आणि तिचा धंदाच लिनक्सवर उभा आहे, तेव्हा कौतुकाचा सूर थोडा वजा करून ऐका.

आणखी एक हकिगत सांगते, म्हणजे मुलगा काय करतो याचा अंदाज येईल. एक्सझेड नावाची फाइली दाबून लहान करणारी एक लायब्ररी आहे. लिनक्सच्या असंख्य यंत्रांवर ती असते आणि कुणाच्या ध्यानीमनीही नसते. ती वर्षानुवर्षं मुख्यतः एकटा माणूस सांभाळत होता, मोकळ्या वेळात. 'जिया टॅन' नाव लावणारं कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं इमानदारीने काम केलं, विश्वास मिळवला, बरोबरीने जबाबदारी घेतली आणि मग आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड यांना, आणि कसा, तर दुसरंच काहीतरी तपासताना त्यांना दिसलं की लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! मी त्या वेळी ऐकत होते त्या जवळजवळ प्रत्येक पॉडकास्टवर आधी त्या अर्ध्या सेकंदाचं कौतुक झालं आणि मग आवाज खाली गेले. कारण बोलणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः असंच काहीतरी एकट्याने सांभाळत होते. थकलेल्या माणसाला मदतीचा हात आला तर तो कुणाचा आहे हे तपासायचं त्राण कुठून आणायचं?

तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. पण 'पैसे का मिळत नाहीत' याऐवजी मुलाला विचारा, 'तुझ्याबरोबर हे आणखी कोण बघतं?' मला वाटतं या प्रश्नाला तो 'तुला नाही कळायचं' म्हणणार नाही.

प्रश्न : हल्ली पडद्यावर समोरासमोर बसून बोलणाऱ्या प्रत्येकाला पॉडकास्ट म्हणतात. ते बरोबर आहे का?

चित्र असण्याला माझी हरकत नाही. नवे भाग आपोआप कळवणारी यादी म्हणजे फीड, आणि ती लिहायची एक पद्धत म्हणजे आरएसएस. डेव्ह वायनर यांनी २००० च्या डिसेंबरात आरएसएसमध्ये फाइल जोडायची सोय केली. त्या ओळीत तीनच गोष्टी : फाइलचा पत्ता, तिची लांबी, तिचा प्रकार. प्रकारात व्हिडिओही बसतो. 'पॉडकास्टिंग' हा शब्द त्यानंतरचा, बेन हॅमर्सली यांनी २००४ मध्ये एका लेखात सुचवलेला. माझी कसोटी ही, की फीडचा पत्ता उचलून मला हव्या त्या अ‍ॅपमध्ये टाकता आला तर तो पॉडकास्ट. मी अँटेनापॉड वापरते, तेही ओपन सोर्स आहे. एकाच कंपनीच्या दारातून आत यावं लागत असेल तर तो कार्यक्रम, उत्तम असला तरी.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी मराठीतून प्रोग्रॅमिंगवर पॉडकास्ट सुरू करतोय. माइक कोणता घ्यावा? आणि 'व्हेरिएबल'ला 'चल' म्हणावं का?

माइकचं राहू द्या, खोली बघा. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसलात तर साधा माइकही चांगला वाजतो आणि रिकाम्या खोलीत महागडाही डब्यात बोलल्यासारखा. माझा अनुभव सांगते : एकदा एका मित्राशी तासभर मस्त गप्पा रेकॉर्ड केल्या, नंतर ऐकलं तर लॅपटॉपचा पंखा मुख्य पाहुणा होता. दोघींचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, म्हणजे एकीच्या खोकल्यापायी दुसरीचं वाक्य जाणार नाही. कापाकापीला ऑडॅसिटी पुरे. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर अजून मुक्तच आहे. फीड स्वतःच्या डोमेनवर ठेवा. मजकूर उतरवायला व्हिस्पर हे बोललेलं लिहून काढणारं सॉफ्टवेअर मराठी घेतं, पण आलेला मजकूर हाताने दुरुस्त करायची तयारी ठेवा.

'चल' म्हणू नका, श्रोता उठून चालायला लागेल. आपण टीममध्ये बोलतो तसंच बोला. सर्व्हर पडतो, बिल्ड फुटतं, कोड पुश करतो, कुणीतरी न विचारता मर्ज करतं. नामं कुठलीही असोत, क्रियापदं आपली आहेत आणि गंमत तिथेच आहे. फक्त कोड मोठ्याने वाचून दाखवू नका. 'कंस सुरू, कंस बंद' ऐकत कुणी गाडी चालवू नये.

पहिला भाग झाला की फीडचा पत्ता कळवा. मी नेहमीच्या वेगाने ऐकेन, खोकल्यासकट.