रोमन मोझेक वाचायला शिकताना

रोमन मोझेक, म्हणजे दगडाचे छोटे तुकडे जुळवून केलेली चित्रं, वाचायला शिकायचंय म्हणता? छान विषय निवडलात! सुरुवातीला एवढंच करा.

१. चित्राआधी खोली ओळखा. जेवणाच्या दालनात तीन बाजूंना बैठका असत, म्हणून कडेची फरशी साधी आणि मुख्य चित्र मधोमध. व्हॅटिकनमधल्या एका मोझेकमध्ये तर माशांचे काटे, शिंपले, अक्रोड कुरतडणारा उंदीर असं खरकटं जमिनीवर पसरलंय, सावल्यांसकट! जेवणघराची फरशी म्हटल्यावर ते लगेच उलगडतं.

२. रंग बघा. ऑस्टियात (रोमजवळचं प्राचीन बंदर) बहुतेक काळं-पांढरं काम, ट्युनिशियात रंगांची उधळण.

नवखे हमखास फसतात ते इथे: मासा दिसला की मोझेक ख्रिस्ती, हत्ती दिसला की आफ्रिकेत घडवलेलं, असं ठरवून टाकतात. ऑस्टियातला हत्ती ही साब्राथाच्या (आजच्या लिबियातलं शहर) व्यापाऱ्यांच्या कचेरीची खूण आहे, आणि नाव शेजारीच मोझेकमध्ये लिहिलंय.

कारागिरांच्या शैली, कालनिश्चिती वगैरे नंतर. सध्या मोझेकच्या प्रत्येक फोटोसोबत ते ज्या घरातलं आहे त्याचा नकाशा शोधा.