हात आधी मागे येतो, चटका मागून कळतो

प्रश्न : भाकरी भाजताना तव्याला बोट लागले की हात झटकन मागे येतो आणि चटका त्यानंतर जाणवतो. मात्र गेल्या आठवड्यात उकळत्या दुधाचे पातेले उतरवताना फडक्यातून चांगलाच चटका बसत असूनही, पायाशी नातू खेळत होता म्हणून मी ते सोडले नाही. हात आपोआप मागे येत असेल, तर त्या वेळी का आला नाही? शिवाय माझ्या यजमानांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यावर आणि टाचेच्या वर हातोडी मारून पाहिली, ती कशासाठी?
— एक गृहिणी, नौपाडा, ठाणे

उत्तर : बोट तव्याला टेकताच त्वचेतील चेतातंतूंची टोके उद्दीपित होतात आणि तो आवेग संवेदी चेतापेशीच्या लांब तंतूवरून मानेच्या भागातील मेरुरज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतादोरात, पोहोचतो. तेथील सहयोगी, म्हणजे मधला दुवा असलेल्या, चेतापेशी तो स्नायूंना हुकूम देणाऱ्या प्रेरक चेतापेशींकडे सोपवतात, त्यांचा आवेग दंडाच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे मुले ज्याची बेटकुळी काढून दाखवतात त्याला, आवळतो आणि कोपर दुमडून हात मागे येतो. त्याच वेळी कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू सैल पाडला जातो, कारण दोन्ही एकदम आवळले गेले तर हात जागीच अडकेल. स्नायूंच्या या जोडीचा सखोल अभ्यास करणारे इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांना चेतापेशींच्या कार्यावरील शोधांसाठी १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूकडेही खबर जाते, पण ती पोहोचून ‘भाजले’ अशी जाणीव होईपर्यंत हात निघालेला असतो. मागून रेंगाळणारी जळजळ तर सेकंदाला साधारण एक मीटर इतक्या संथ गतीच्या तंतूंवरून येते, त्यामुळे बोटापासून वर पोहोचायलाच तिला जवळपास एक सेकंद लागतो.

आता पातेल्याकडे वळू. अशा आपोआप घडणाऱ्या, म्हणजे प्रतिक्षिप्त, क्रियेत मेंदूचा काहीच संबंध नसतो, असे सरसकट सांगितले जाते, ते मला अपुरे वाटते. एकेका प्रेरक चेतापेशीवर हजारो ठिकाणी इतर चेतापेशींचे संदेश येऊन पडत असतात. काही तिला चेतवतात, काही आवरतात, आणि ज्यांचे पारडे जड होईल तसे ती वागते. बोटांकडून ‘सोड’ असा रेटा येत असताना, पायाशी नातू आहे हे जाणणाऱ्या आपल्या मेंदूकडून खाली उतरणारे आवेग तो रेटा रोखून धरत होते. तव्याच्या वेळी मेंदूला आधी कल्पनाच नव्हती; पातेले आपण जाणूनबुजून धरले होते, हा फरक महत्त्वाचा. चटका याहून तीव्र असता, तर मात्र हा लगामही बहुधा तुटला असता.

गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यावर, हातोडी बसली की मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो, ती बातमी मेरुरज्जूच्या कमरेशी संबंधित भागात थेट प्रेरक चेतापेशीला मिळते आणि पाय उडतो. मध्ये सहयोगी चेतापेशीची गरज लागत नाही. पाय नीट उडत नसेल, तर डॉक्टर रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढायला सांगतात, आणि मग तोच पाय अधिक जोमाने उडतो. मधुमेहात सर्वांत लांब चेतातंतू आधी दुखावतात, म्हणून पावलांची संवेदना आणि टाचेवरचा प्रतिसाद गुडघ्याच्या आधी मंदावतो. उतारवयात हा प्रतिसाद एरवीही क्षीण होतो, त्यामुळे निष्कर्ष डॉक्टरांनीच काढावा.

तलावपाळीला अनवाणी फेरी मारताना खडा टोचला, तर निरोगी माणसाचा तो पाय वर उचलला जातो आणि तोल जाऊ नये म्हणून दुसरा पाय आपोआप ताठ होतो. पावलांची संवेदना गेलेल्या माणसाला खडा कळतच नाही, पाय उचलला जात नाही आणि जखम चिघळेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून यजमानांना अनवाणी चालू देऊ नका आणि रोज रात्री त्यांचे तळवे, बोटांच्या बेचक्यांसह, उजेडात स्वतः पाहत जा.